टाकीच्या झाकणाचं भोक

ताईच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते टेबलावर शब्दकोशाखाली ठेवलं होतं, एक कोपरा बाहेर दिसेल असं. म्हणजे विसरलो असं स्वतःलाही म्हणता येऊ नये.

पत्र तसं लहान होतं. फोनवर दोन वाक्यं बोलली की ताईला धाप लागते. म्हणून कामाचं ती लिहून कळवते आणि फोनवर फक्त 'जेवलास का' एवढं विचारते. सुरुवात नेहमीची, 'प्रिय वाळवी'. लहानपणी मी सदा पुस्तकात तोंड खुपसून बसायचो म्हणून तिने ठेवलेलं नाव. मी सत्तरी ओलांडली तरी तिने ते मागे घेतलेलं नाही. पुढे लिहिलं होतं, 'आता एकटीने राहवत नाही. तुझ्याकडे येऊन राहू का? माझ्याबरोबर ऑक्सिजनचं यंत्रही येईल आणि त्याला दिवसरात्र वीज लागते. तुझ्याकडे वीज सारखी जाते हे मला माहीत आहे. जमणार नसेल तर सरळ तसं लिही. मी रुसणार नाही. रुसायला दम लागतो.'

शेवटच्या वाक्याला मी हसलो, आणि मग बराच वेळ मला काही वाचता आलं नाही.

'ये' एवढं एक अक्षर लिहायचं होतं. पण ते लिहिलं की वीज गेल्यावर माझ्या बहिणीचा श्वास माझ्या हातात. आणि माझ्या हातांवर माझा कधीच भरवसा नव्हता. जन्मभर मी एका वाचनालयात फाटकी पुस्तकं दुरुस्त केली. तिथे चूक झाली तर फार तर एखादं पान उलटं चिकटतं.

जनरेटर मात्र मी लगेच आणला होता. एक फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथला जुना, पेट्रोलवर चालणारा, दोन हातांनी कसाबसा उचलता येईल एवढा. स्टुडिओवाला म्हणाला, "गाय आहे गाय." घरी आणल्यावर ती गाय थोडा वेळ चालायची आणि बसायची. जरा वेळाने पुन्हा उठायची, पुन्हा बसायची. अशा गाईच्या भरवशावर ताईला बोलवायचं कसं?

शेवटी मी शेजारच्या ड्रायव्हरना हाक मारली. बसची नोकरी सुटून त्यांना पुष्कळ वर्षं झाली, पण गल्लीत सगळे त्यांना ड्रायव्हरच म्हणतात. त्यांच्या कानामागे कायम एक सिगारेट असते. डॉक्टरांनी सोडायला लावली. त्यांनी ओढायची सोडली, बाळगायची नाही.

"काय पुस्तकवाले, पुस्तकात उत्तर नाही सापडलं?" ते अंगणात येत म्हणाले.

"सापडली. पुष्कळ सापडली. तीच पंचाईत आहे."

मी जनरेटरच्या माहितीपुस्तकाची प्रत मिळवून तिला पुठ्ठ्याची बांधणी केली होती. ती त्यांनी हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि परत दिली.

इंजिन थंड होतं. तरी मी आधी प्लगवरची टोपी काढून ठेवली, म्हणजे चुकून दोरी ओढली गेली तरी ठिणगी पडू नये.

"मेलेल्या सापाचे दात मोजताय," ड्रायव्हर म्हणाले.

"टाकी रिकामी करायची आहे. तुमची ती सिगारेट..."

"पेटलेली नाही हो."

"नाही ना. पण खिशात काडेपेटी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि दोन्ही वस्तू कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवल्या.

मग आम्ही दोघे म्हातारे कामाला लागलो. पेट्रोल जुनं होतं, त्याला वार्निशसारखा वास सुटला होता. ते डब्यात काढलं. ड्रायव्हरांच्या ओळखीच्या गॅरेजात असलं पेट्रोल घेतात. ऑइल काळं झालं होतं, ते बदललं, आणि जनरेटर सपाट फरशीवर ठेवून मगच पातळी पाहिली. हवेच्या फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला. प्लगवर काजळी होती, ती ब्रशने खरवडली. नवं पेट्रोल भरताना मी फनेल धरला आणि ड्रायव्हरांनी नवा डबा हळूच तिरका केला.

दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरांनी मिशीवरून हात फिरवला. चहा पिऊन होतो न होतो तोच ते गुरगुरलं, अडखळलं आणि बंद पडलं.

"उन्हाने तापतंय," ड्रायव्हर म्हणाले. "ताईंच्या खोलीबाहेर बोळ आहे ना, तिथे ठेवू. सावली आहे, वायर आखूड लागेल, चोराची भीती नाही. खिडकी उघडी ठेवा, की झालं." आणि त्यांनी एक बाजू उचललीसुद्धा.

मी कुणाला 'नाही' म्हटल्याचं मला फारसं आठवत नाही. वाचनालयात लोक पुस्तकावर चहा सांडून आणायचे, त्यांनाही मी 'हरकत नाही' म्हणायचो.

"नाही," मी म्हणालो. "बोळात नाही."

"अहो, मी उभी हयात इंजिनाच्या मांडीला मांडी लावून काढली. काही झालं मला?"

"तुमचं इंजिन रस्त्यावर पळत होतं. हे एका जागी बसून धूर सोडणार. त्या धुरातला जो वायू मारतो, त्याला वास नसतो. माणूस झोपतो आणि उठतच नाही. उघड्या खिडकीने तो बाहेर जात नाही ड्रायव्हर, त्याच खिडकीने आत येतो. हा अंगणाच्या त्या टोकाला राहील, घरापासून लांब, धुराचं तोंड मोकळ्या जागेकडे करून."

"मग मला बोलावलं कशाला? पुस्तकालाच सांगायचं, दोरी ओढ म्हणून." त्यांनी भिंतीवरची सिगारेट कानामागे लावली आणि ते निघून गेले.

मी जनरेटर एकट्याने थोडा थोडा सरकवत टोकाला नेला. मन खट्टू झालं होतं. एक शेजारी होता, तोही दुखावला. आणि यंत्र होतं तसंच.

इंजिन निवल्यावर पेट्रोल किती उरलंय ते पाहायला मी टाकीचं झाकण फिरवलं. 'सुस्स' असा आवाज झाला, जणू आत हवा ओढली गेली. झाकण लावून दोरी ओढली, तर पहिल्याच ओढीला इंजिन सुरू. थोड्या वेळाने पुन्हा बंद. पुन्हा निवू दिलं, पुन्हा झाकण फिरवलं, पुन्हा तोच सुस्कारा.

मग मी ते झाकण हातात धरून नीट पाहिलं. वरच्या बाजूला मधोमध एक कापडी पट्टी होती, नखभर, कडा सफाईने दाबलेल्या. ती मी ओळखली. ओळखणारच. माझीच होती.

आणल्या दिवशी यंत्र पुसताना मला झाकणाला एक बारीक भोक दिसलं होतं. जन्मभर भोक दिसलं की मी जे करत आलो तेच केलं. बांधणीची पट्टी, चांगला गोंद. काम इतकं उत्तम झालं होतं की पेट्रोलच्या वाफेनेही ते सुटलं नव्हतं. आणि माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत हवा शिरावी म्हणून झाकणाला भोक असतं, ते मोकळं ठेवावं. ते वाक्य मी वाचलं होतं. त्याखाली रेघही मारली होती. पण ते आपल्याला लागू आहे असं वाटलं नाही. आपल्या झाकणाला भोक कुठे होतं?

मी झाकण यंत्रापासून दूर नेलं, पट्टी सोलली, पुस्तक शिवायच्या सुईने भोक मोकळं केलं आणि झाकण लावून दोरी ओढली. घरातून बाहेर आणलेल्या जाड वायरीवर फ्रीज आणि पंखा लावला. ताईच्या यंत्राला लागते त्याहून थोडी जास्तच वीज. मग तिच्या होणाऱ्या खोलीत जाऊन बसलो. तिथे मी विषारी वायूची सूचना देणारी एक डबी बसवली आहे. तिचा फक्त हिरवा दिवा लागलेला होता. पंखा फिरत होता. दूरवरून इंजिनाचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता.

ऊन उतरलं तेव्हा भिंतीवर ड्रायव्हरांचं डोकं दिसलं.

"अजून चालू?"

"चालू."

"काय केलंत?"

मी सांगितलं. ते इतके हसले की त्यांना भिंत धरावी लागली.

"म्हणजे गाईच्या नाकालाच ठिगळ लावलंत."

"हो."

हसू ओसरल्यावर ते जरा घुटमळले. "आमची ही आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, त्यांचं बरोबर आहे, तुम्हीच बोळात जाऊन बसा. ताईंना कळवलंत?"

"नाही अजून. माझा माझ्यावरच भरवसा नाही, ड्रायव्हर."

ते इंजिनाकडे बघत राहिले. "आमच्या डेपोत एक रीत होती. नवा ड्रायव्हर आला की उस्ताद विचारायचा, ब्रेकवर भरवसा आहे? जो 'आहे' म्हणेल त्याला उताराचा रस्ता देत नसत. 'थांबा, आधी बघतो' म्हणणाऱ्याला देत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वीज गेली की मला हाक मारा. दोरी मी ओढत जाईन. यंत्र कुठे ठेवायचं ते तुम्ही सांगा."

उत्तराचे कच्चे खर्डे माझ्याकडे बरेच होते. सगळ्यांत 'बहुधा' होतं, 'शक्यतो' होतं, एकात तर दोन्ही. ते बाजूला ठेवून मी नवा कागद घेतला.

'प्रिय ताई, ये. जनरेटर चालतो. अंगणाच्या टोकाला आहे. आवाज येईल, धूर येणार नाही. त्याची वीज तुझ्या यंत्राला चालेल का ते तुझ्या दुकानदाराला विचारून घेतलं आहे, चालेल म्हणाला. वीज गेल्यापासून तो सुरू होईपर्यंतच्या वेळेसाठी भरलेलं सिलिंडर तुझ्या उशाशी असेल. दर आठवड्याला थोडा वेळ चालवून बघत जाईन. मधे माझ्याकडून एक गाढवपणा झाला, तो इथे लिहीत नाही. तू येऊन यंत्र लावून नीट बसलीस की सांगेन, कारण तुला हसू आवरणार नाही. तुझा, वाळवी.'

निघताना पुन्हा अंगणात गेलो. इंजिन बंद केलेलं होतं, पेट्रोलचा नळही बंद होता. झाकणाचं भोक मोकळं होतं.

टपालपेटीपाशी पोचल्यावर पत्ता परत एकदा वाचला. तिकीट नीट बसलंय ना, ते नखाने पाहिलं. बसलं होतं. चिकटवण्याच्या कामात मी वाईट नाही. मग पाकीट आत सोडलं.