घमेल्यातलं जहर

पाणी काळं व्हायला लागलं तसा समाजमंदिरातला गलका थांबला. पांढऱ्या प्लास्टिकच्या घमेल्यात प्रेमसिंगचे सुजलेले पाय होते. त्या पायांच्या मध्ये जाळीची एक डबी बुडवलेली होती आणि तिची वायर टेबलावरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या मशीनकडे गेली होती. डबीभोवती आधी पिवळट, मग तांबूस आणि बघता बघता काळपट ढग पसरला. वर फेस आला. मागच्या बायका टाचा उंचावून पाहू लागल्या.

"अरे बापा! एवढं जहर अंगात घेऊन फिरून राह्यलता का हा?" कुणीतरी म्हणालं.

"पाहा, डोळे भरून पाहा!" मशीनवाले महाराज उठून उभे राहिले. भगवी शाल, मनगटावर मोठं घड्याळ, गळ्यात रुद्राक्ष आणि पेनड्राइव्ह. "वर्षानुवर्षं हा माणूस पाठीवर पंप घेऊन कपाशीवर औषध मारतो. ते औषध गेलं कुठं? डॉक्टरला दिसलं? रिपोर्टमध्ये आलं? कसं येणार! त्यांचं मशीन रक्त पाहतं, आमचं मशीन पेशी पाहतं. एकेका पेशीत आयन शिरतो, विषाची मान धरतो आणि तळपायातून बाहेर ओढतो. परदेशात यावर रिसर्च झालाय. औषध कंपन्यांनी दाबून ठेवलाय."

"नॅनो," त्यांचा चेला मागून म्हणाला.

"नॅनो तर आहेच," महाराजांनी मान्य केलं.

मी दारात उभी होते, रक्ताच्या नळ्यांची थंड पेटी घेऊन. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झाल्यावर मला एका अभ्यासात काम मिळालं. उन्हात फवारणी करणाऱ्या मजुरांच्या किडन्या, मधुमेह नाही की रक्तदाब नाही, तरी का निकामी होतात, हा त्या अभ्यासाचा प्रश्न. दुसऱ्या खंडातल्या उसाच्या मळ्यांतही असेच तरुण मजूर आजारी पडले होते. भर उन्हातलं कष्टाचं काम, पुरेसं पाणी न पिणं, कीटकनाशकं, पिण्याच्या पाण्यातले क्षार असे संशयित बरेच आहेत. कुणाचा वाटा किती, हे अजून ठरलेलं नाही. मुकुटबनजवळच्या या तांड्यावर मी त्यासाठीच येत होते.

प्रेमसिंगचे नमुने मी घेतले होते. त्याचा अहवाल पाहून मीच त्याला यवतमाळला पाठवलं होतं. तिथे त्याचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. पहाटेची एसटी, सुई, चार तास पडून राहणं, संध्याकाळची एसटी. घरी आल्यावर अंगात त्राण उरत नसे. म्हणून महाराजांनी "हे चालू असेपर्यंत ते बंद" असं सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. त्या आठवड्यात तो यवतमाळला गेला नव्हता.

"दादा, पायाची सूज पहा," मी त्याच्याजवळ बसून हळूच म्हणाले. "पाणी साचून राह्यलंय अंगात. उद्याची बस सोडू नका."

"म्याडम, तुमीच पाहा ना," तो घमेल्याकडे बोट दाखवून हसला. "निंघून राह्यलं ना सारं. इतके दिवस सुया टोचल्या, तं कोनं दाखवलं का मले असं?"

हे खरं होतं. आम्ही त्याला आकडे दाखवले होते. आकडा काळा नसतो, त्याला फेस येत नाही.

महाराजांच्या उपचाराला तीन बैठका लागत. पहिलीला रोगी जे पाणी रोज पितो तेच घरून आणायचं, कारण "विष ज्या वाटेनं आत गेलं त्याच वाटेनं बाहेर येतं." दुसरीला त्यात अर्धं फिल्टरचं पाणी मिसळायचं. तिसरीला फक्त फिल्टरचं, कारण "शुद्ध झालेल्या देहाला शुद्धच पाणी लागतं." आणि खरोखरच पहिल्या दिवशी काळं पडणारं पाणी दुसऱ्या दिवशी चहासारखं दिसे आणि तिसऱ्या दिवशी जवळपास नितळ. मग नारळ, टाळ्या, गुलाल.

पाणी बदलतं म्हणून रंग बदलतो, अशी शंका कुणालाच आली नाही. का यावी? कुठल्याही विधीत पहिल्या दिवशी एक सामान लागतं आणि शेवटच्या दिवशी दुसरं. ते का, असं पूजेत कुणी विचारत नाही. आणि फिल्टरच्या पाण्याला तांड्यावर आधीच मान होता. चौकातल्या प्लँटवरून निळ्या कॅनमध्ये ते आणायचं आणि पाहुण्यांना द्यायचं. घरचे हातपंपाच्या बोअरचंच पितात. तेच जिभेला लागलेलं, खारट.

प्रेमसिंगच्या तिसऱ्या बैठकीला मी मुद्दाम गेले. तो हिरासिंगच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या खांद्यावर हात टाकून आला. बोलताना दम लागत होता. बायको धनीबाई मागून डोक्यावर निळा कॅन घेऊन आली. चेल्याने पाणी ओतलं, बटण दाबलं.

पाणी काळं झालं.

पहिल्या दिवसाइतकंच काळं. फेससुद्धा तेवढाच.

महाराज क्षणभर गोंधळले, आणि लगेच सावरले. "घरात काय शिजलं होतं?" त्यांचा आवाज चढला. "पथ्य कुणी मोडलं? बाई, खाली काय पाहतेस, इकडे पाहा! नवऱ्याच्या अंगात विष परत घातलंस तू!"

"न्हाई जी, कायबी न्हाई शिजवलं," धनीबाई पुटपुटली.

"मग हे काय आहे? आता पहिल्यापासून करावं लागेल. पुढच्या आठवड्यात आणा."

पुढचा आठवडा! मी प्रेमसिंगच्या छातीकडे पाहत होते. तो तोंडाने श्वास घेत होता.

धनीबाई समाजमंदिरामागच्या बाभळीखाली जाऊन बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती पदराचा काठ पिळत होती.

"म्याडम, मले पाप लागन," ती म्हणाली. "सकाळपासून लाइन गेलती. प्लँट बंद. लाइन येईन येईन म्हणून म्या थांबलो. मंग महाराजाची येळ झाली. म्या बोअरवरूनच कॅन भरला. निळाच कॅन हाय, कोनाले समजते, असं वाटलं. म्याच माह्या मानसाच्या अंगात जहर घातलं."

मी तिचा हात धरला. डोकं मात्र दुसरीकडेच धावत होतं. माणूस तोच, पाय तेच, मशीन तेच. बदललं होतं ते फक्त पाणी.

"धनीबाई, तुम्ही कायबी घातलं नाही," मी म्हणाले. "उद्या सगळ्यांसमोर दाखवते."

"उद्या न्हाई," ती म्हणाली. "त्यायचा जीव घाबरून राह्यला."

म्हणून तेव्हाच गेले. चौकात वीज आली होती. प्लँटवरून एक कॅन भरून घेतला, बोअरवरून एक, आणि येताना कुणाच्या तरी मांडवावरचा दुधीभोपळा. समाजमंदिरात पुढच्या रोग्याची तयारी चालली होती.

"महाराज, एक शंका आहे," मी म्हणाले. "पुढच्या माणसाच्या आधी तुमचे पाय ठेवा ना घमेल्यात. तुम्ही तर शुद्ध आहात."

लोक हसले. महाराजही हसले. मुरलेला माणूस. "बेटी, आम्ही सगळ्यांचं विष स्वतःवर घेतो. आमचं पाणी तर शाईसारखं येईल."

"मग हा ठेवू." मी दुधी दोन तुकड्यांत कापून बोअरच्या पाण्यात सोडला आणि चेला पुढे यायच्या आत बटण दाबलं.

पिवळं. तांबूस. काळं. फेस.

"सांगा आता, याची किडनी कधी गेली?"

माझ्या अपेक्षेप्रमाणे हशा पिकला, पण माझ्या बाजूने नाही. खांबाला टेकलेला एक म्हातारा म्हणाला, "म्याडम, त्या येलावर परवाच फवारा मारला म्या. निंघनच ना जहर! मशीन खरी हाये तं." अख्खं समाजमंदिर डोललं. महाराजांनी हात जोडून वर पाहिलं, जणू देवानेच साक्ष दिली.

पण म्हातारा चुकीचं काय बोलला होता? शंका चांगलीच होती. प्रयोग माझा कच्चा होता.

"बरोबर आहे बाबा तुमचं," मी म्हणाले. घमेलं बाहेर नेऊन ओतलं, घासून धुतलं. परत बोअरचं पाणी भरलं. "आता पाय नाही, भोपळा नाही. काहीच नाही. नुसतं पाणी."

"मशीन खराब होईल!" चेला ओरडला.

"होऊ दे," हिरासिंग पहिल्यांदाच बोलला आणि चेल्याच्या पुढ्यात उभा राहिला. "दाबा, म्याडम."

पाय नसलेल्या घमेल्यातलं पाणी पिवळं झालं, तांबूस झालं, काळं झालं. नंतर मी फिल्टरचं पाणी भरलं. तेवढाच वेळ ठेवलं. तळ स्वच्छ दिसत राहिला.

मग मी वायर काढून डबी उघडली. आत लोखंडाच्या दोन कांड्या होत्या. वरच्या बाजूला बोटाएवढ्या जाड, खाली कुरतडलेल्या, बारीक. मी त्या हातोहात फिरवल्या.

"हे आहे तुमचं जहर," मी म्हणाले. "गंज. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते, म्हणून लोखंड भराभर झिजतं आणि पाण्यात उतरतं. फिल्टरच्या पाण्यात क्षार कमी, वीज वाहत नाही, गंज येत नाही. कुणाच्याही पायातून काहीही निघालेलं नाही. तळपायाला असं विष बाहेर सोडणारी छिद्रंच नाहीत. ते काम किडनी करते. धनीबाईंनी आज बोअरचं पाणी आणलं म्हणून ते काळं झालं. त्यांचा काही दोष नाही."

महाराज वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "म्हणजे पाण्यातच विष आहे, हे तर आमच्याच मशीननं दाखवलं ना?"

वाक्याचा अर्धा भाग खरा होता. त्या घमेल्याने माणसाचं शरीर कधीच मोजलं नव्हतं. पण तांड्याचं पाणी किती खारट आहे, ते रोज न चुकता दाखवलं होतं. लोक स्वतःच्या पायांकडे पाहत राहिले आणि पाण्याकडे कुणी पाहिलं नाही. घरी जाऊन त्याच पाण्याचा ग्लास भरून प्यायले.

मारामारी झाली नाही, शिव्याही नाहीत. महाराजांची जीप गेली. लोक मुकाट उठले आणि जाताना माझ्याकडे असं पाहत गेले, जसं काही मीच त्यांच्याकडून काहीतरी काढून घेतलं होतं.

प्रेमसिंग भिंतीला टेकून बसला होता. त्याने मला जवळ बोलावलं.

"मंग तुमच्या घमेल्यात काय हाये, म्याडम?"

"यवतमाळ. डायलिसिस. आत्ताच निघू, गाडी पाहते."

"त्यानं बरा होईन?"

मी खोटं बोलू शकले असते. समोर महाराजांची चटई अजून पसरलेली होती.

"बरे नाही होणार, दादा. जगाल."

"गोळी न्हाई निंघाली?"

"निघाल्यात. पण ज्यांची किडनी थोडी शिल्लक आहे त्यांच्यासाठी. जाणारी हळू जाते त्यानं. गेलेली आणणारी गोळी अजून कुणाकडेच नाही."

त्याने मान हलवली. रागावला नाही. "त्यानं निदान पानी तं दाखवलं," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

हिरासिंगने गाडी आणली. धनीबाईच्या मांडीवर डोकं ठेवून प्रेमसिंग निघाला, मी पुढे बसले. वाटेत त्याची छाती घरघरायला लागली. डायलिसिस चुकल्यानं अंगात साचलेलं पाणी फुप्फुसांत चढलं होतं. वडकीच्या पुढे धनीबाईने हाक मारली, त्याने ओ दिली नाही. यवतमाळच्या डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं आणि विचारलं, आधीच्या दोन पाळ्या का चुकल्या? हिरासिंगने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. सांगायला एवढं थोडं होतं, की दोन वाक्यांत संपलं.

पुढच्या महिन्यात नमुने घ्यायला तांड्यावर गेले, तेव्हा प्लँट बंद होता. मोटर जळली होती आणि दुरुस्त कुणी करायची, यावर वाद होता. धनीबाई बोअरवर हंडा भरत होती. ती आता दुसऱ्यांच्या शेतात फवारणीला पाणी वाहते.

"हेच पिता अजून?" मी विचारलं.

"दुसरं कुठं हाये?"

तिचं रक्त घेतलं, नळीवर नाव लिहिलं, पेटीत ठेवली. निघताना ती म्हणाली, "म्याडम, राळेगावकडे थो मशीनवाला आला म्हंते. माह्या भयनीच्या मालकाचे पाय सुजले. ते जाऊन राह्यले त्याच्याकडे."

"तुम्ही सांगितलं ना त्यांना?"

"सांगतलं. ते म्हंते, तुह्या मानसाचं पथ्य मोडलं होतं."

राळेगावकडे अजून किती जणांचे पाय त्या घमेल्यात जातील, त्यांची नावं मला माहीत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. घमेल्यातलं पाणी काळं होताना दिसलं, तर फार शिकलेलं असण्याची गरज नाही. एवढंच म्हणा: पाय बाहेर काढतो, आता करून दाखवा. आणि पाय नसतानाही काळं झालं, तर रागावत बसू नका, जत्राही भरवू नका. त्याच दिवशीची एसटी पकडा. बरं करायला आमच्याकडे फार काही नाही. पण जे आहे, ते तुमची वाट पाहत थांबत नाही.