अंधारात लावलेलं कुंकू

पोरगी मला आंबवड्याच्या देवळातच पसंत पडली होती. प्रदक्षिणा घालताना तिचा पाय घसरला, तर लाजली न्हाई, रडली न्हाई, आपल्याच फजितीवर खळखळून हसली. म्या तिथंच ठरवलं, माझ्या ज्ञानूला बायको हीच. रतन तिचं नाव, भोरच्या आनंदरावांची लेक.

पण आमच्या घरात शब्द चालायचा थोरल्या दिरांचा, सोनबा आबांचा. लग्न होऊन आले तवापासनं ना म्या त्यांच्याशी बोलले, ना ते माझ्याशी. डोईवर पदर, नजर भुईला. काय सांगायचं ते मालकांच्या कानात, आन् मालक तर आबांपुढं मांजर.

आबांनी आनंदरावांना निरोप धाडला, पोरगी दिवेलागणीलाच बघू. भोरात बिजली आलीया, तिच्या उजेडात खोट लपायची न्हाई. घ्या! बैलच बघायला निघाले जनू.

दुपारी गाडी जुंपली. भोरात पोचल्यावर आबांनी आमाला आधी राजवाडा दाखवला, मग नदीचा घाट, जसं काय सगळं त्यांनीच बांधलंय. बिजलीचा खांब दिसला की मान वर करून उभे. म्या मनात म्हनलं, बाई गं, आपण पोरगी बघायला आलोय का खांब?

आनंदरावांच्या सोप्यात बिजलीचा एकच दिवा, आढ्याला टांगलेला. आबा बरोबर त्याच्याखाली बसले. हळदीकुंकवाचं तबक घेऊन रतन बाहेर आली आन् दिवा गेला. घरातला गेला, रस्त्यावरचा गेला, सगळं भोर काळंमिट्ट झालं.

मग आबांचा आवाज आला.

"पोरीनं पाऊल टाकलं आन् दिवा गेला. अपशकुन हाय. उठा."

आनंदराव गयावया करू लागले, अवं सगळ्या गावचाच गेलाय, आत्ता यील. आत कुणीतरी कंदील शोधत होतं. आबा ऐकंनात, दारापाशी वहाणा चाचपू लागले. हितं माझ्या पुढ्यात तबकातल्या वाट्या किणकिणत होत्या. अपशकुनी म्हणून एकदा नाव पडलं, तर तिला कोण दारात उभं करणार?

पसंती झाली की पोराच्या आईनं पोरीला कुंकू लावायचं, म्हंजी सोयरीक पक्की, ही आमची रीत. म्या उठले. चाचपत तबक गाठलं, कुंकवात बोट बुडवलं आन् अदमासानं तिला लावलं.

"आबा, पोराच्या आईनं कुंकू लावलंय. मोडायचं आसंल तर तुमी सोता या आन् पुसा."

माझाच आवाज मला वळखू येईना. वहाणांची खसफस थांबली. पोरीबाळीचं कुंकू पुसायचं म्हंजी काय, हे आबांना सांगायला नको होतं. म्या तिचा हात घट्ट धरून ऱ्हायले.

इतक्यात दिवा आला. रतनच्या कपाळावर कायबी न्हवतं. कुंकू सगळं नाकाच्या शेंड्यावर, थोडं गालावर. तिला हसू आवरंना, मला रडू, आन् माझा पदर कवाच खांद्यावर आलेला.

आबा एका पायात वहाण घालून उभे. तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"साळूबाई," ते म्हनले, "नाक न्हवं, कपाळ. नीट लाव."