टॅब्लेटचा गणवेश

ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बा शहरातल्या त्या खाजगी शाळेला गणवेशाचं वेड होतं. मोजे घोट्याच्या वर बरोबर चार बोटं, केसांची फीत मरून, आणि टोपी विसरलीस तर मधल्या सुट्टीत मैदानावर पाऊल टाकायचं नाही, सावलीत बसायचं. ग्लेनिस हार्टिगनला यातलं काही पटत नसे. तरी नऊ वर्षं ती तिथे टिकली होती, कारण तोंड मिटून कसं राहायचं हे ती शिकली होती. ज्या मुलांना वर्गात एकट्याने झेपत नाही त्यांच्याशेजारी बसायचं, हे तिचं काम. गेली पाच वर्षं ती मार्नी कोवालचिकच्या शेजारी बसत होती.

मार्नी दहा वर्षांची. तिच्या तोंडून जन्मात शब्द फुटला नव्हता. ती बोलायची ती गळ्यात अडकवलेल्या टॅब्लेटमधून. पडद्यावर चौऱ्याऐंशी चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चित्र. चौकोन दाबला की टॅब्लेट तो शब्द उच्चारायचा. मार्नीची नजर अधू होती, चित्रं तिला धड दिसत नसत, पण कुठला शब्द कुठे आहे ते तिच्या बोटांना पाठ होतं. स्वयंपाक करताना न बघता मिठाच्या बरणीकडे हात जातो, तशी तिची बोटं जायची. विनोदसुद्धा करायची पोरगी. गणिताच्या सरांना ती ‘संपलं? संपलं?’ असं विचारायची आणि ते लाल व्हायचे.

सप्टेंबरच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मार्नीचं बोलणं बिनसलं.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘दही, बदक.’ पुन्हा म्हणाली. ग्लेनिसला वाटलं, भूक लागली असेल. तिने शाळेच्या कँटीनमधून दह्याचा डबा आणला. मार्नीने तो हाताने उडवला, तो ग्लेनिसच्या ब्लाउजवर फुटला आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला. ‘दही, बदक, दही, बदक,’ टॅब्लेट ओरडत राहिला. ग्लेनिसचं डोकं फिरलं. तिने टॅब्लेट गळ्यातून काढून कपाटात ठेवला आणि मार्नी वीस मिनिटं मुकी बसली.

मग ग्लेनिसने वही उघडली. अशा मुलांसाठी शाळा काय काय करते हे सरकारला दाखवावं लागे, म्हणून प्रत्येक गोष्टीची नोंद. ही वही उपमुख्याध्यापक क्रेग व्हेलाकॉटच्या अंगात भिनलेली. मुलाकडे बघू नका एकवेळ, पण वही भरा. हा क्रेग म्हणजे पस्तिशीचा, गुळगुळीत, कुठल्याही खोलीत शिरला की खुर्च्या सरळ करणारा माणूस. ग्लेनिसला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

दोन आठवडे हेच चाललं. मार्नी बडबडायची, ग्लेनिस लिहायची. तिसऱ्या सोमवारी ब्रिस्बेनहून एक मानसतज्ज्ञ बाई मार्नीला तपासायला आल्या. पुढच्या वर्षी तिला शाळेत ठेवायचं की नाही, ते या तपासणीवर ठरणार होतं. ग्लेनिसला मागच्या खुर्चीत गप्प बसवलं होतं. तुला प्यायला काय हवं, असं बाईंनी विचारलं. मार्नी म्हणाली, ‘मुंगी.’ घरी कोण आहे? ‘झेब्रा.’ बाईंचं पेन झरझर चाललं होतं. मार्नी मान वळवून मागे ग्लेनिसकडे बघत राहिली आणि ग्लेनिसने मान खाली घातली.

बाहेर क्रेग उभाच होता.

“वाईट वाटून घेऊ नकोस, ग्लेनिस,” तो म्हणाला. “पाच वर्षं तू तिची बोटं धरून चौकोन दाबत आलीस. आता सोडलीस, तेव्हा कळलं आत किती आहे ते.”

“मी कधी तिचं बोट धरलेलं नाही.”

“मग हे बदक-बिदक काय आहे?”

संध्याकाळी मार्नीच्या आईचा, डनूटाचा फोन आला. ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायची आणि दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात बोलत होती. शाळेने गुरुवारी बैठकीला बोलावलं होतं. चिठ्ठीत ‘मार्नीसाठी अधिक योग्य ठिकाण’ असे शब्द होते. ते ठिकाण म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाची विशेष शाळा, जिथे मार्नीची एकही मैत्रीण नव्हती. तू तिला ओळखतेस, तू सांग त्यांना, डनूटा म्हणाली. ग्लेनिस म्हणाली की हल्ली मार्नीचं बोलणं आपल्यालाच काही कळत नाही.

बुधवारी पोहण्याचा तास होता, या सत्रातला पहिला. टॅब्लेट पाण्यात नेता येत नाही, म्हणून तीन वर्षांपूर्वी ग्लेनिसने पडद्याचा फोटो कागदावर छापून प्लास्टिकमध्ये बंद करून घेतला होता. तलावापाशी आलं की मार्नी टॅब्लेट काढून ग्लेनिसच्या हातात द्यायची आणि ते कार्ड घ्यायची. टॅब्लेट ती दुसऱ्या कुणालाही देत नसे, आईलासुद्धा कुरकुरतच.

त्या दिवशी मार्नीने पाण्यात पाय सोडले, कार्ड मांडीवर घेतलं आणि बोट ठेवलं: पाणी. मग: थंड. मग, पोहायला शिकवणाऱ्या तरुण बाईकडे बघून: तू आधी.

शिकवणारी बाई हसली आणि तिने पाण्यात उडी मारली. ग्लेनिस जागची हलली नाही. दोन आठवडे जी पोर मुंग्या आणि झेब्रे बोलत होती तिने चार चौकोनांत माणसासारखं वाक्य केलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत ग्लेनिसने टॅब्लेट आणि ओलं कार्ड शेजारी शेजारी ठेवलं. कार्डावर ‘पाणी’ जिथे होतं, तिथे टॅब्लेटवर मुंगी बसली होती. ‘आई’च्या जागी झेब्रा. सगळे चौऱ्याऐंशी शब्द हललेले. तेव्हा तिला सुट्टीत आलेली क्रेगची ईमेल आठवली. शाळा बघायला नवे पालक येणार, म्हणून टॅब्लेटवरून बोलणाऱ्या सहाही मुलांच्या पडद्यांना शाळेचं एकसारखं रूप दिलं आहे, मरून आणि सोनेरी. ग्लेनिसला वाटलं होतं की फक्त रंग बदलले. गृहस्थाने शब्दसुद्धा इंग्रजी अक्षरक्रमाने ओळीत उभे केले होते, प्रार्थनेला मुलं उभी करतात तसे. बाकीच्या पाच जणांना चित्रं दिसत होती, त्यांचं अडलं नाही. मोजे सरळ केले, खुर्च्या सरळ केल्या, आता पोरीची जीभ सरळ केली.

ग्लेनिसच्या तोंडून एक शिवी गेली. मग ती वही घेऊन बसली. टॅब्लेट जो शब्द बोलला त्याची नवी जागा शोधायची आणि कार्डावर त्याच जागी कुठला शब्द आहे ते बघायचं. पहिली नोंद घेतली: दही, बदक.

दह्याच्या जागी कार्डावर ग्लेनिसचा स्वतःचा फोटो होता. बदकाच्या जागी होतं ‘मदत’.

पुढचं तिने उभ्यानेच वाचलं, कारण खुर्चीवर बसवेना. त्याहून वाईट गोष्ट तिला माहीत होती, आणि ती लिहिलेली कुठेच नव्हती. मुलाशी बोलताना आपणही त्याच चौकोनांवर बोट ठेवत बोलायचं, हा या कामातला पहिला धडा. मार्नीला टॅब्लेटवर बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी तो पहिल्याच वर्षी तिच्याकडून घोटून घेतला होता. वही आल्यापासून ग्लेनिसने ते सोडून दिलं होतं, हात लिहिण्यात गुंतलेले. दोन आठवड्यांत तिने एकदा जरी ‘पाणी’ दाबलं असतं, तरी तिथल्या तिथे सगळं कळलं असतं.

गुरुवारच्या बैठकीत मुख्याध्यापिका रोझलिंड थ्वेट टेबलाच्या टोकाला, क्रेग तिच्या उजवीकडे आणि डनूटा कामावरच्या निळ्या कपड्यांत समोर. ग्लेनिसने टॅब्लेट आणि कार्ड टेबलावर ठेवलं आणि काय झालं ते सांगितलं. क्रेगने कार्ड दोन बोटांनी उचललं.

“पोहण्याच्या तलावात तिने चार चौकोन बरोबर दाखवले. योगायोगही असू शकतो,” तो म्हणाला. “रोझलिंड, आपल्याकडे दोन आठवड्यांची लेखी नोंद आहे. ग्लेनिसच्याच हातची.”

“तीच वाचते,” ग्लेनिस म्हणाली.

वही न उघडता कार्ड दाखवून भागेल का, याचा विचार तिने सकाळपासून केला होता. भागणार नव्हतं. पुरावा वहीतच होता आणि वहीत तीही होती.

“पहिला दिवस,” तिने वाचलं. “टॅब्लेट म्हणाला, दही, बदक. ती म्हणत होती, ग्लेनिस, मदत. अकरा वेळा. माझी नोंद: ‘निरर्थक, खोडसाळपणा. टॅब्लेट वीस मिनिटं काढून घेतला.’ दुसरा दिवस. ती म्हणत होती, माझे शब्द कुठे. माझी नोंद: ‘लक्ष वेधण्यासाठी.’ टॅब्लेट काढून घेतला. तिसरा दिवस—”

“पुरे,” रोझलिंड म्हणाली.

“नाही,” डनूटा म्हणाली. “वाचू दे तिला.”

ग्लेनिसने सगळे दिवस वाचले. शेवटच्या दिवशी एकच ओळ होती. मार्नी म्हणाली होती, ग्लेनिस ऐकत नाही.

क्रेग म्हणाला की चूक मग दोन्हीकडून झाली आहे, आणि वही ग्लेनिसच्या नोकरीच्या फायलीला जोडावी. जोड, ग्लेनिस म्हणाली, पण आज घरी जायच्या आधी पोरीचे शब्द जागच्या जागी ठेव. रोझलिंडने मान डोलावली. मार्नी पुढच्या वर्षीही इथेच राहील, हे तिने डनूटाला सांगितलं. डनूटाने तिचे आभार मानले. ग्लेनिसकडे न बघता ती पर्स उचलून कामावर गेली.

जुना पडदा परत आला. मार्नीने पहिल्या सकाळी एकेक चौकोन दाबून बघितला, सगळे चौऱ्याऐंशी, आणि कोणी तिला थांबवलं नाही. गणिताच्या सरांना तिने संपलं का ते विचारलं. ग्लेनिस आता प्रत्येक वाक्याला तिच्या टॅब्लेटवर बोट ठेवून बोलू लागली. तेवढ्या वेळापुरता मार्नी टॅब्लेट टेबलावर ठेवायची, पण पट्टा मुठीत धरून.

पुढच्या बुधवारी दोघी तलावापाशी गेल्या. ग्लेनिसने सवयीने दोन्ही हात पुढे केले. मार्नीने टॅब्लेट गळ्यातून काढला, ग्लेनिसला वळसा घातला, पोहायला शिकवणाऱ्या बाईच्या हातात तो दिला आणि कार्डासाठी ग्लेनिसपुढे हात पसरला.

ग्लेनिसने कार्ड दिलं.