साक्षीत न आलेली बाटली

पाळकांच्या थोरल्या बहिणीला मंडळीत सगळे ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. आणि नुसती ताई नव्हे, साक्षवाली ताई. दुकानाला पाटी असते तशी ती त्या प्रार्थनागृहाची पाटी होऊन बसली होती. आता पाटीला कुणी विचारतं का, की बाई गं, तुला खाली उतरायचंय का?

झालं होतं असं. ताई शिवणकाम करायची. दोन वर्षांपूर्वी एकाएकी तिचे डोळे लाल झाले, कपाळ ठणकायला लागलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली आणि सुईचं नेढं दिसेनासं झालं. मंडळीने लगेच साखळी-प्रार्थना धरली. एक गुडघ्यावरून उठला की दुसरा टेकायचा. त्याच आठवड्यात भावजयीने तिला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडेही नेलं. त्या म्हणाल्या, काचबिंदू आहे. हे थेंब रोज घालायचे, जन्मभर घालायचे. दाबाने आलेलं धुकं ओसरेल, पण कायमची गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी राखायची. थेंब घातले, प्रार्थनाही झाली, आणि ताईला पुन्हा नेढं दिसायला लागलं.

बरं झाल्याची साक्ष मंडळीपुढे देताना ताई दोन्ही सांगणार होती. प्रार्थनाही आणि थेंबही. खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पण आदल्या संध्याकाळी भाऊ म्हणाला, "ताई, देवाचा महिमा सांगायचाय ना? मग मध्ये बाटली कशाला?"

ताईला काही ते पटलं नाही. पण एक तर धाकटा भाऊ, लेकरासारखा वाढवलेला, त्यात पाळक, त्यात नवरा गेल्यापासून ती त्याच्याच घरी. तिने बाटली वगळली. आणि जी बाटली साक्षीत नाही ती घरात तरी कशी दिसावी? येणारे-जाणारे बघतात की. बाटली खिडकीतून कपाटात गेली, कपाटातून कपड्यांच्या घडीत गेली, मग संपली. नवी आणायला कुणी गेलं नाही. भावजयीने एकदा विचारलं, "ताई, थेंब?" भाऊ तिथेच जेवत होता. ताई म्हणाली, "अगं, आता काय गरज?" झालं! एवढ्या एका वाक्याने तिने आपल्या हाताने दाराला कडी घातली.

साक्ष मात्र भलतीच गाजली. लांबलांबून माणसं यायला लागली. मागची भिंत पाडून प्रार्थनागृह वाढवावं लागलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आरोग्याची उपासना ठरली, आणि तिच्यात एक रीत पडली: ताईने पुढे यायचं, बारीक अक्षरांचं बायबल हातात घ्यायचं आणि आंधळ्याला दृष्टी मिळाल्याचा उतारा चष्म्याशिवाय खडाखडा वाचायचा. ती वाचणार, आणि मंडळी आपापल्या पुस्तकात ओळीवर बोट ठेवून तिच्यासोबत जाणार. मग भाऊ माइक घेऊन म्हणणार, "ना गोळी, ना थेंब! नुसती प्रार्थना!" लोक रडायचे, बायका ताईचे हात डोळ्यांना लावून घ्यायच्या.

आणि ताईची नजर? ती दोन्ही कडांनी आत आत येत चालली होती. आधी दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. मग वाढलेल्या ताटातली वाटी हरवायला लागली. शिवणाचं काम तिने "आता वय झालं" म्हणून बंद केलं. शेवटी मधल्या भागावरही धुकं आलं आणि पुस्तकातल्या ओळी मुंग्यांसारख्या पांगल्या.

मग ती वाचायची कशी? वाचत नव्हतीच. ही सगळी तिच्या वडिलांची कृपा. वडील शाळेत शिपाई होते, पण घरात त्यांचा कारभार हेडमास्तरांच्या वर. संध्याकाळी वचन पाठ नाही तर ताट नाही! ताई आणि धाकटा शेजारी शेजारी बसून जुन्या बायबलातले अध्यायच्या अध्याय घोकायचे. धाकटा अडला की ताई हळूच ओठ हलवून त्याला पुढचा शब्द द्यायची, नाहीतर बिचारा उपाशी झोपला असता. ते लहानपणचं पाठांतर म्हातारपणी असं कामाला येईल, हे वडिलांच्या स्वप्नातही आलं नसेल. ताई पान उघडायची, मान डावीकडून उजवीकडे हलवायची आणि पाठ म्हणायची.

सांगून का टाकलं नाही, असं म्हणणं सोपं आहे हो. तिची खोली प्रार्थनागृहाच्या पाठीला होती. एक दार उपासनेच्या सभागृहात उघडायचं, दुसरं भावाच्या स्वयंपाकघरात. कुठूनही बाहेर पडा, कुणीतरी प्रेमाने बघणारच. एकदा ती धीर करून, भिंत धरत धरत दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचली होती. तिथे मंडळीतल्या दोघी भेटल्या. "अगंबाई, ताई! आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला आलात ना? देवानेच धाडलं तुम्हाला!" दोघींनी दोन हात धरून तिला आत नेलं, पाय मोडलेल्या एका माणसाच्या खाटेशी उभं केलं, प्रार्थना करवून घेतली आणि घरापर्यंत आणून सोडलं. डोळ्यांचा विभाग त्याच मजल्यावर होता. ताई त्या दिवशी जेवली नाही.

प्रार्थनेतही तिची सुटका नव्हती. देवा, मला दृष्टी दे, असं मोठ्याने म्हणायची चोरी. एकच उतारा तिच्या मनात पुन्हा पुन्हा यायचा, वडिलांनी पाठ करून घेतलेला आणि भावाने या उपासनेत कधीच न लावलेला. त्यात येशू एका आंधळ्याला गावाबाहेर नेतो, हात ठेवतो आणि विचारतो, तुला काही दिसतं का? तो माणूस सरळ सांगतो की माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग येशू पुन्हा हात ठेवतो. ताईने एकदा भावाला सुचवलंही होतं. तो म्हणाला, "नको गं. एका हातात काम झालं नाही असं वाटतं लोकांना."

त्या महिन्याचा पहिला रविवार उजाडला. उपासनेआधी ताई खोलीत पदर नीट करत होती, तेवढ्यात बेकरीवाली आत आली. ही बाई मंडळीत नवीन. पावाच्या भट्टीशी पहाटेपासून राबून, अंगाला पिठाचा वास घेऊनच उपासनेला यायची. सोबत तिची लहान मुलगी होती.

"ताई, तुमच्या पाया पडते," ती म्हणाली. "हिचे डोळे तुमच्यासारखेच आहेत. डॉक्टर म्हणतात थेंब घाला, थेंब घाला. मी मागच्या महिन्यात तुमची साक्ष ऐकली आणि घरी जाऊन बाटली मोरीत रिकामी केली. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा, नाही का?"

ताईने चाचपडत पोरीचा खांदा धरला.

"मग... कसं आहे आता?" तिने विचारलं.

"कपाळ दुखतं म्हणते. दिव्याभोवती कडी दिसतात म्हणते. परीक्षाच ना ही विश्वासाची?"

ताईने तोंड उघडलं. तेवढ्यात भावजय दारातून म्हणाली, "ताई, चला, गीत संपत आलं," आणि तिला हाताला धरून नेलं. बेकरीवाली पोरीला घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसली.

सभागृहात नव्या कागदाचा वास होता. कुणा दात्याने सगळ्यांसाठी नवीकोरी बायबलं पाठवली होती, प्रत्येक खुर्चीवर एक. भाऊ माइकवर म्हणाला, "आज सगळ्यांनी नव्या पुस्तकात बोट ठेवायचं. अक्षर मोठं आहे, आता कुणाची सबब चालणार नाही!" लोक हसले. ताईला वाटलं, छपाई नवी. तिला कुठलं ठाऊक, की आतली भाषासुद्धा नवी होती, आजच्या बोलीतली, सोपी केलेली. तिने त्यातली एक ओळ तरी वाचली असती तर कळलं असतं ना!

तिने पुस्तक उघडलं, मान हलवली आणि वडिलांच्या आवाजात पाठ झालेलं म्हणायला सुरुवात केली: "असे बोलून तो भूमीवर थुंकला, व थुंकीने चिखल करून तो त्याने त्याच्या नेत्रांस लाविला..."

पुस्तकात होतं, जमिनीवर थुंकून त्याने मातीचा चिखल केला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावला. शंभर बोटं ओळीवर थांबली. ताई पुढे गेली. एकाही ओळीचा मेळ बसेना. पानांची सळसळ सुरू झाली. कुणाला वाटलं आपलं पान चुकलं, कुणी शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावलं. ताईला कुजबूज ऐकू आली आणि ती मध्येच थांबली. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. पण काहीतरी फुटलं एवढं कळलं, आणि खरं सांगायचं तर भीतीच्या आधी तिला बरं वाटलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

सगळ्या सभागृहात एकाच माणसाला लगेच कळलं होतं. तो माणूस तेच शब्द, तसेच, तिच्या शेजारी बसून घोकत मोठा झाला होता. भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग माइक तोंडाशी नेऊन म्हणाला, "बघा! देवाचं वचन असं हृदयात हवं! आमच्या ताईला जुना करार, नवा करार, सगळा तोंडपाठ आहे. पुस्तकाची गरजच नाही तिला!"

"हालेलूया!" मंडळी गरजली. टाळ्या पडल्या. मागून कुणी म्हणालं, "धन्य ती माऊली!" आणि ताईला कळलं, की ही माणसं तिला कधीच पकडणार नाहीत. ती भिंतीवर आपटली तरी म्हणतील, काय तल्लीन झालीय बघा. देवा, माझ्यावर एवढं प्रेम करणाऱ्या या लोकांपासून मला सोडव, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

टाळ्या थांबल्या तेव्हा पहिल्या रांगेतून बारीक आवाज आला, "आई, दिवा टोचतोय."

"गप. प्रार्थना कर," बेकरीवाली म्हणाली.

ताईने पुस्तक मिटलं. भाऊ "ना गोळी, ना थेंब" म्हणायला श्वास घेत होता, तेवढ्यात ती बोलायला लागली. माइकशिवाय. पण वडिलांनी मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवायला शिकवलं होतं, तो पोचला.

"मी अजून एक उतारा म्हणते. तोही पाठच आहे. मी वर्षभर पाठच म्हणतेय, कारण मला अक्षर दिसत नाही."

पुढच्या रांगांतून पुस्तकं मिटल्याचे आवाज आले.

"एक आंधळा होता. येशूने त्याच्यावर हात ठेवला आणि विचारलं, तुला काही दिसतं का? समोर कोण विचारतंय बघा! तरी तो माणूस भीड म्हणून हो म्हणाला नाही. म्हणाला, माणसं झाडांसारखी दिसतात. त्याने खरं सांगितलं म्हणून त्याला दुसऱ्यांदा हात मिळाला. मी पहिल्याच हातावर साक्ष दिली, आणि दुसरा हात मागायची वाट बंद करून घेतली." तिने पुस्तक बाजूला ठेवलं. "मला थेंबांनी बरं वाटलं होतं. प्रार्थनाही होती, थेंबही होते. देवाने दोन्ही दिले होते, त्यातला एक मी लपवला. मग थेंब सोडले आणि नजर गेली. जी गेली ती येत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बेकरीवाल्या बाई, कुठे आहात तुम्ही? मला दिसत नाही. पोरीचं दुखणं परीक्षा नाही हो. आत्ता उठा आणि तिला दवाखान्यात न्या. प्रार्थना रिक्षात बसून करा."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग धावत्या पावलांचा, एक मोठी जोडी आणि एक लहान. दार उघडल्याचा. मागे कुणी पुटपुटलं, "म्हणजे इतके दिवस खोटं?" दुसरं कुणी रडायला लागलं. एक म्हातारे गृहस्थ उठून चालते झाले आणि त्यांच्यामागे अजून काही जण. ताईला चेहरे दिसत नव्हते, हीच त्यातल्या त्यात मेहेरबानी. आता या घरात आपल्याला जागा राहील की नाही, तेही तिला माहीत नव्हतं.

व्यासपीठावरून कुणीतरी माइक खाली ठेवला. पायऱ्यांवरून जड पावलं उतरली आणि तिच्यासमोर एक उंच, काळपट खांब येऊन उभा राहिला. आता हा काय बोलणार, म्हणून तिने अंग चोरलं.

भावाचा आवाज पाळकाचा नव्हता. वचन अडलं की लहानपणी निघायचा, तसा होता.

"ताई," तो म्हणाला, "तुला काही दिसतं का?"

दोन वर्षांत तिच्या डोळ्यांबद्दल सगळं काही सांगून झालं होतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"झाडासारखा दिसतोस," ताई म्हणाली आणि रडू लागली. "एवढंच उरलंय रे. एवढं तरी राखायला मला डॉक्टरकडे ने."

त्याने तिचा हात धरला. आणि मागच्या खोलीच्या दाराने नव्हे, सगळ्या मंडळीमधून, मधल्या वाटेने तिला बाहेर घेऊन गेला.