डाव्या डोळ्यातला धोतरा

मी धोतरा बोलतोय. सुरुवातीलाच माफी मागतो. मी बोलतो आणि तेजस लिहितो, आणि तेजसची शाळा आठवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील. शब्दही साधेच असतील, भारी शब्द आम्हा दोघांकडे नाहीत. समजून घ्या.

मी अख्खं झाड नव्हे, झाडावरचं एक फळ. पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या शेतालगत नव्या बिल्डिंगसाठी पत्रे ठोकलेत, त्यांच्या कडेला माझं झाड आपोआप उगवलं. शेळ्या आजूबाजूचं सगळं खातात, पण आम्हाला हुंगून पुढे जातात. आधी मी कर्ण्यासारखं पांढरं फूल होतो. मग गोल, हिरवा, काटेरी झालो आणि पोटात बिया भरल्या. त्या बियांत काय असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर्षभर आमच्याकडे कोणी बघत नाही. महाशिवरात्रीला मात्र आमची आठवण होते. त्या सकाळी तेजस पिशवी घेऊन आला. बावीस वर्षांचा, सडपातळ, बोलताना खाली बघणारा. त्याची मोठी बहीण शालू नारायण पेठेत देवळाजवळ फुलं आणि बेल विकते. दोघं वाशीमकडचे. तो खराडीच्या एका ऑफिसात साफसफाईला आहे, बहिणीच्या मदतीसाठी त्या दिवशी सुट्टी काढली होती.

खरं तर त्याने घरी बसून अभ्यास करायला हवा होता. बाहेरून दहावीला बसला होता आणि दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता. गेल्या वर्षी तेवढा एकच विषय राहिला. तो सुटला की आयटीआयला वायरमनचा कोर्स करायचा, हे त्याने पक्कं ठरवलं होतं.

पेठेतल्या गिऱ्हाइकांना बोटाला काटे टोचलेले चालत नाहीत. म्हणून तेजस नखाने आमचे काटे खुडत बसला. पुस्तक मांडीवर उघडं.

"डोकं पुस्तकात अन् हात काट्यात," शालू म्हणाली. "एक काहीतरी नीट कर ना बाप्पा."

तेवढ्यात शरच्चंद्र काका आले. रिटायर्ड, पांढरा सदरा, रोजचे गिऱ्हाईक.

"हे फळ आत भरलेलं आहे का पोकळ?"

भरलेलं आहे हे तोंडाने सांगायला तेजस लाजला. त्याने मला जरा दाबून दाखवलं आणि मी उकललो. रस आणि बिया त्याच्या बोटांना लागल्या.

"मी फळ मागितलं होतं," काका म्हणाले. "ऑपरेशन करायला नव्हतं सांगितलं."

काकांनी दुसरं फळ घेतलं. मला, देवाचं म्हणून, तेजसला कचऱ्यात टाकवेना. त्याने मला कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि त्याच बोटांनी डाव्या डोळ्यावरचा घाम पुसला.

तासाभराने त्याने पुस्तक डोळ्यांजवळ आणलं, मग लांब धरलं. उजव्या डोळ्याने सगळं नेहमीसारखं होतं. डाव्याने पाहिलं की जवळची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी पसरायची. रस्त्यावरचं ऊन पांढरंफेक दिसू लागलं, समोरच्या स्टीलच्या दुकानाकडे बघवेना. दोन्ही डोळे उघडे ठेवले की प्रत्येक आकड्याभोवती धुकं यायचं.

"उपास सोसत नाही तुले," शालू म्हणाली. "साबुदाणा खाऊन घे."

त्याने खाल्ला. फरक पडला नाही. मग शालूने त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला आणि तिचा हात थांबला. डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा दुप्पट मोठी झाली होती.

दुकान शेजारणीवर सोपवून दोघं जवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर ऋचा तरुण होत्या. त्यांनी बॅटरी मारली. उजवी बाहुली आकसली, डावी हललीच नाही.

"डोक्याला मार लागलाय? डोळ्यात काही गेलं? हाताला काही लागलं होतं?"

"नाही," तेजस म्हणाला.

मी त्याच्या खिशातच होतो आणि त्याचं काळीज किती जोरात चाललंय ते मला जाणवत होतं. धोतऱ्याचं नाव घेतलं तर बहिणीच्या दुकानाला बोल लागेल, सणाच्या दिवशी विष विकतात म्हणतील, हे त्याच्या डोक्यात होतं.

"मग हे मेंदूचं असू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "चिठ्ठी देते. आजच मोठ्या हॉस्पिटलात दाखल व्हा. तपासण्यांना दोन दिवस लागतील."

शालूने पदर तोंडाला लावला. तेजस त्या चिठ्ठीकडे बघत राहिला. दोन दिवस म्हणजे पेपर गेला, म्हणजे आणखी एक वर्ष झाडू. त्याने खिशात हात घातला आणि मला टेबलावर ठेवलं.

"मॅडम, मी खोटं बोललो. सकाळपासून हे सोलत होतो."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिल्या, मग हसल्या. त्यांनी त्याच्या डोळ्यात एक थेंब घातला आणि पाऊण तास बसवलं. बाहुली तशीच राहिली.

"मेंदूचं असतं तर या थेंबाने आकसली असती. हे यानेच केलंय. दोन-चार दिवसांत उतरेल. आधी जाऊन साबणाने हात धुवा. पोटात गेलं असतं ना, तर इथे गप्पा मारत बसला नसता."

"काय झालं असतं?" शालूने विचारलं.

"तोंड इतकं कोरडं पडतं की थुंकी गिळवत नाही. अंग भाजतं. मग नसलेली माणसं दिसतात, आणि ती खरीच वाटतात. शिकत असताना एक पेशंट पाहिला होता, कॉटवर बसून हवेतून दोरा गुंडाळत होता. काय करताय विचारलं तर म्हणाला, पतंग उतरवतोय, मध्ये येऊ नका."

"वाचला?"

"वाचला. पण ते दोन दिवस त्याला आजही आठवत नाहीत."

त्या दिवशी मला स्वतःची ओळख झाली. माझ्यात राग नाही की भक्ती नाही. मी आत गेलो की माणसाचे डोळे, जीभ आणि मन त्याच्या हातात राहत नाहीत, एवढंच. मला देवाला वाहायचं तर जरूर वाहा. मजा म्हणून चाखू नका, औषध म्हणून उकळू नका. हात लागला तर साबणाने धुवा. आणि डॉक्टरांनी विचारलं तर लाजू नका. आता मी वाळून खडखडीत झालोय. तेजसने मला काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावलंय, वर चिठ्ठी चिकटवलीय: विषारी.

त्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेजस सहाला उठला. डावी बाहुली अजून तशीच होती. डॉक्टरांनी दिलेली पट्टी त्याने त्या डोळ्यावर लावली आणि उजव्या डोळ्याने सूत्रांची वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. केंद्रावर शाळेतली लहान मुलं त्याच्या पट्टीकडे बघून कुजबुजत होती. वर्गावरच्या सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, डोळ्याला काय झालं?

तेजस उभा राहिला. या वेळी त्याने खाली बघितलं नाही.

"धोतरा लागलाय सर. एका डोळ्याने नीट दिसतंय. लिहितो मी."

मग तो खाली बसला, पेपर थोडा उजवीकडे सरकवला आणि पहिलं गणित सोडवायला घेतलं.