सेवेतला खंड

महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती नऊ वर्षं हंगामी सहायक होती. दरवर्षी तिची नेमणूक युवक दिनाच्या आदल्या संध्याकाळी संपायची आणि युवक दिनानंतर नव्याने व्हायची. मधला एक दिवस ती कागदोपत्री कुणीच नसायची. सेवा सलग भरली असती तर तिला कायम करावं लागलं असतं.

यंदा युवक दिनाच्या कार्यक्रमाला ऐन वेळी वक्ते आले नाहीत. प्राचार्यांनी तिला घरून बोलावून घेतलं आणि स्वामीजींचे विचार वाचून दाखवायला सांगितलं. सभागृहात जाण्याआधी ती कार्यालयात गेली आणि तिने हजेरीपटावर सही केली.

हेडक्लार्कने चष्मा कपाळावर सरकवला. "ताई, आज खंड आहे तुमचा."

"मग स्टेजवर कोण जाणार आहे, काका?"

"ते मला नका विचारू. माझी तीन वर्षं राहिलीत, सुखाने निवृत्त होऊ द्या." त्यांनी सहीवर पांढरी शाई फिरवली आणि फुंकर मारून वाळवली. "जास्त ताणलंत तर उद्याची ऑर्डरही निघायची नाही."

तिने स्वामीजींच्या तसबिरीशेजारी उभं राहून उतारा वाचला. तरुणांनी स्वतःवर विश्वास कसा ठेवावा, हे त्यात होतं. तिचा आवाज कुठेही हलला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

खाली उतरल्यावर फोटोग्राफरने वार्तापत्रासाठी तिचा हुद्दा विचारला. हेडक्लार्क दाराशी उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि "पाहुणी" असं लिहायला सांगितलं.