बर्फाच्या खाणीतली नलू

रत्नप्रभाबाईंनी बत्तीस वर्षं यवतमाळात भौतिकशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर कादंबरी लिहिली. शनीच्या एका चंद्रावर बर्फाच्या खाणी खोदायच्या असतात. जमिनीखालचं काम अंगात मुरलेली माणसं हवीत, म्हणून राजूरच्या कोळसा खाणीतल्या कामगारांची नातवंडं तिकडे जातात. त्यांची मुकादम नलू नावाची बाई. कादंबरीचं नाव ‘शनीवरची शिफ्ट’.

पुण्याच्या प्रकाशकानं हस्तलिखित घेतलं, संपादन नीट केलं आणि मुखपृष्ठ पाठवलं. निळा ग्रह, चकचकीत पोशाखातली गोरी मुलगी, हातात बंदूक. कादंबरीत बंदूक कुठंच नव्हती. बाईंनी संपादक पियूषला फोन करून हे चालणार नाही म्हणून सांगितलं.

“मग तुमच्या ओळखीचा चित्रकार सुचवा,” पियूष म्हणाला. “दहा दिवस देतो. नाहीतर छपाई अडते, हेच वापरावं लागेल.”

बाईंना प्रेरणा आडे आठवली. गेल्या वर्षी जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिनं सूर्यमालेचा मोठा पडदा रंगवला होता, आणि सगळ्या ग्रहांच्या सावल्या बरोबर बाजूला पडलेल्या होत्या. परीक्षक म्हणून बाईंनी तेव्हाच तिचा नंबर घेऊन ठेवला होता. प्रेरणा राजूरची. वणीच्या एका फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे आणि उद्घाटनाचे बॅनर करायची. तिच्या हातून शेकडो चेहरे गेले होते, पण त्यात स्वतः काढलेला एकही नव्हता. सगळे मोबाइलवरून आलेले फोटो.

बाईंनी फोन करून पाठवलेली कादंबरी तिनं दोन दिवसांत वाचून काढली आणि चौथ्या दिवशी तीन चित्रं घेऊन यवतमाळ गाठलं. बाईंनी तिन्ही चित्रं दिवाणावर मांडली, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“हात छान आहे तुझा,” त्या म्हणाल्या. “पण ही नलू कामावर आल्यासारखी वाटत नाही गं. फोटो काढायला उभी राहिल्यासारखी वाटते.”

परतीच्या बसमध्ये प्रेरणाला रडू आलं, कारण बाईंचं खरं होतं.

घरी तिचे वडील देवसिंग अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. तीस वर्षं खाणीत उतरलेला माणूस, पण खाणीबद्दल घरात कधी बोलायचा नाही. बायको होती तोवर तिनं विचारून पाहिलं, मग तीही विचारेनाशी झाली. प्रेरणानं चित्रं खाटेवर टाकली तशी त्यांनी एक उचललं.

“हे कोन होय?”

“नलू. खाणीतली मुकादम आहे, बा.”

“खाणीतली? मंग समोर काहून पाहून राह्यली?”

“म्हणजे?”

“खाली उतरलं का माणूस पयले वर पाह्यते. छताकडं.” देवसिंगांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. “अन् डोयानं नाही पाहत. कानानं पाह्यते.”

प्रेरणा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. “कसं? सांग ना बा.”

देवसिंग कोपऱ्यातली बांबूची काठी घेऊन उठले आणि पडवीच्या छताखाली उभे राहिले. पाय रोवले, मान कलती केली, एक कान वर धरला आणि काठीनं छताला हळूच ठोकलं.

“टणटण वाजलं तं छत पक्कं. ढबढब वाजलं तं आत पोकळी हाय, तिथं एक मिनिट थांबाचं नाही. एकडाव म्या असंच ठोकलं. आवाज बदलला. पाच जनाइले वरडून मांगं बलावलं, अन् आमी होतो तिथंच छत बसलं.” काठी तशीच वर धरून ते म्हणाले, “थ्या दिवशी कोनी फोटो नाही काढला.”

प्रेरणाला हे कधीच माहीत नव्हतं. तिनं विचारलं, “अंधार कसा असते खाली?”

“टोपीच्या दिव्याचा उजेड जिथं पडला तेवढीच दुनिया. बाकी काहीच नाही. काया रंग बी नाही.”

“बा, हलू नको. असाच उभा राह्य.”

तिनं पेन्सिल घेतली. संध्याकाळपर्यंत अकरा रेखाटनं झाली. देवसिंगांचे हात भरून आले, तरी त्यांनी काठी खाली घेतली नाही.

पुढचे चार दिवस तिनं दुकानातून सुटी घेतली. नव्या चित्रात कागदाच्या वरच्या कडेला शनीच्या कड्यांची बारीक रेघ होती, आणि तिच्याखाली बर्फाचा जाडजूड थर. त्या बर्फाला खालून लोखंडी सळईनं ठोकत एक सावळी, मध्यमवयीन बाई उभी होती. मान कलती, डोळे मिटलेले, सगळा जीव कानात. तिच्या दिव्याचा पिवळा गोल बर्फावर पडला होता आणि बाकी पान गडद होतं. कादंबरीचं नावही प्रेरणानं हातानंच लिहिलं, खाणीच्या दारावर सूचना रंगवतात तसल्या ठसठशीत अक्षरांत.

रत्नप्रभाबाई चित्राकडे पाहत राहिल्या. “हीच,” एवढंच म्हणाल्या.

पियूषनं मात्र प्रेरणाला फोन केला. “चित्र ताकदीचं आहे, पण हल्ली पुस्तकं मोबाइलवर विकली जातात. एवढ्याशा चौकोनात इतकं काळं काही दिसणार नाही. मागे जरा निळं करता येईल? आणि डोळे उघडे ठेवता येतील?”

दुकानात ग्राहक म्हणेल ते ती मुकाट्यानं करायची. आज ती म्हणाली, “डोळे उघडले तर ती ऐकतेय हे कळणार नाही, सर. दिसण्याचं म्हणाल तर मले अर्धा तास द्या.”

तिनं विज्ञानकथांची तेवीस मुखपृष्ठं गोळा केली, टपालाच्या तिकिटाएवढी केली, एका पानावर ओळीनं लावली आणि मधे कुठंतरी आपलं बसवलं. पान पाठवून खाली लिहिलं, ‘पहिली नजर कुठं गेली ते सांगा.’

तेवीस निळे चौकोन एकमेकांत मिसळून गेले होते. त्यांच्यात एकच पिवळा दिवा जळत होता.

दहा मिनिटांनी पियूषचा फोन आला. तो हसत होता. “ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. सहाच्या सहा जणांनी त्याच्यावरच बोट ठेवलं. काही बदलू नका. आणि तुमचं नाव कसं छापायचं ते कळवा, पहिल्या पानावर घेतोय.”

प्रकाशन यवतमाळात झालं. सभागृह भरलं होतं. बाईंनी भाषण अर्ध्यावर थांबवून प्रेरणाला मंचावर बोलावलं, तेव्हा पहिली टाळी मागच्या रांगेतून वाजली. देवसिंग उभे राहून वाजवत होते, आणि मग हळूहळू सगळं सभागृह उभं राहिलं. आणलेल्या सगळ्या प्रती त्याच दुपारी संपल्या. पियूषनं जाता जाता आणखी दोन कादंबऱ्यांचं काम तिच्या हाती दिलं.

वणीच्या बसमध्ये बापलेक शेजारी बसले. पुस्तक देवसिंगांच्या मांडीवर होतं. तिकीट फाडता फाडता कंडक्टरची नजर त्यावर गेली.

“कायचं पुस्तक होय काका?”

प्रेरणा तोंड उघडणार, तेवढ्यात देवसिंगांनी पुस्तक दोन्ही हातांनी वर धरलं, शेवटच्या सीटपर्यंत दिसेल असं.

“वाचून पाह्य ना बापू,” ते म्हणाले. आवाज साऱ्या बसमध्ये घुमला. “वरचं चित्र माह्या पोरीनं काढलं!”